प्रेक्षक : एक

अब्बासियात गच्चीवरून गच्चीवर
आम्ही काच ओढतो.
केसाएवढे चोवीस धागे एका काळ्या नळीत.
खाली पाण्याचे टँकर, भाजीची गाडी,
धुळीनं एकाच रंगाच्या झालेल्या मोटारी,
आणि वर बघायला कुणाला वेळ नाही.

मिरजेत मी केबलवाला होतो.
शेवग्याच्या फांदीवरून वायर न्यायचो.
वारा सुटला की कुणाच्या तरी मालिकेत मुंग्या यायच्या
आणि शिव्या थेट जिन्याखालून.
इथे मुंग्या येत नाहीत.
चित्र एकतर असतं, नाहीतर नसतं.

मे महिन्याच्या दुपारी स्प्लायसर उघडला
तर यंत्रच सांगतं, फार तापलोय, थांब.
त्याची ती सोय आहे.
म्हणून पहाटे साडेतीनला, टॉर्च दातांत धरून,
दोन टोकं समोरासमोर आणायची,
एक ठिणगी,
आणि आकडा येतो : शून्य पूर्णांक शून्य दोन.
जोडताना इतकंच वाया गेलं.
बायकोला मी हे अभिमानानं सांगतो.
ती म्हणते, रुपयांत सांगा.

ऑफिस म्हणजे गॅरेजमागची खोली.
तिथल्या पडद्यावर कळतं
कुठला चॅनेल आत्ता किती पेट्यांत चालू आहे :
मल्याळम दोनशे अकरा,
तेलुगू एकशे सत्तर,
टागालोग, बांगला, सिंहला,
मिसरी मालिका अडतीस,
आणि पार तळाशी
मराठी बातम्या : एक.

कुरियाकोस मालक वाईट नाही.
त्याला फक्त भागाकार येतो.
एका माणसासाठी अख्खी धार आणायची?
महिनाअखेर कापून टाक, म्हणाला.
तूच तर नाहीस ना बघणारा?
नव्हतो. माझ्या खोलीत सहा जण
आणि रिमोट नेल्लोरचा.

पेटीचा नंबर घेऊन शोधत गेलो.
चौदा नंबरची इमारत, तिसरा मजला,
एसीच्या पाण्यानं हिरवा झालेला जिना.
दार यादम्मानं उघडलं. निजामाबादची,
शाळेत वर्ग झाडते. कोपरापर्यंत पीठ.
मी मोडक्या हिंदीत विचारलं, मराठी कौन देखता है?
"मीच की हो," ती म्हणाली. "या की आत."

सोलापुरात, विडीच्या कारखान्यात,
सातव्या वर्षी पानं कापता कापता उचललेली मराठी,
कडेला अजून कातरीची धार.
बघत नाही ती. भाकरी थापताना
पाठीमागे चालू ठेवते.
"तापमान सांगतेत की. सोलापूर बेचाळीस म्हणले
की बरं वाटतंय बघा.
इथं अठ्ठेचाळीस असतंय, पण ते काय आपलं ऊन नव्हं."

बंद होणार, हे सांगायला गेलो होतो.
कनेक्टर पुसला, थोडी धूळ होती,
अर्धी भाकरी खाल्ली, आलो.

त्या रात्री ऑफिसातली जुनी पेटी
आवाज मिटवून लावून ठेवली.
तळाशी आकडा हलला : दोन.
सकाळी म्हणालो, मालक, महिन्याभरात दुप्पट!
तो हसला नाही,
पण भागाकार पुन्हा मांडला.
तसं त्यालाही ठाऊक आहे,
एकानं मागितली काय, शंभरांनी मागितली काय,
बाहेरून धार एकच येते,
फाटे फुटतात ते शेवटच्या पेटीत.
हे गल्लीतल्या नळासारखं नाही,
शेजारणीनं घागर भरली म्हणून आपली रिकामी.

काल आकडा तीन दाखवत होता.
पहाटेचे चार वाजलेले.
पत्ता काढायला दोन मिनिटं लागली असती.
मी शिडी उचलली.
नऊ नंबरच्या गच्चीवर
कबुतरांनी नळी उसवली आहे.