बोटभर फट

धायरीतलं वरच्या मजल्यावरचं घर,
एप्रिलात पत्र्याखाली पापड आपोआप भाजावेत असं.
जमीर अत्तारनं नळीतून फेस सोडला.
दूध उतू जावं तसा फुगला,
आणि उतू जाता जाताच थिजला.

सुरीनं कड तासत म्हणाला, "चार इंच पुरे."
भुवयांवर पिवळी भुकटी.

आता दुपारी पंख्यावर भागतं.
शेजारचे कुकर मुके झालेत.
वारा दोरीवरचे कपडे हलवताना
नुसता दिसतो.

मोरीतली एक फट तेवढी
मी बुजवू दिली नाही.
"ताई, इथूनच सगळी मेहनत जाणार."
जाऊ दे, बाबा.
पहाटे पावणेपाचला
टाकीत पडणाऱ्या पाण्याची पहिली धार
मला तिथूनच ऐकू येते.