खांदा

पहिल्यांदा निखळला काळाचौकीच्या मैदानात,
चढाईपटूचा घोटा धरताना. मी एकोणीस.
कोणीतरी हात ओढला, कट्ट झालं, बसला.
पुढे मोजणं सोडलं.
शिंकताना. शर्टात हात घालताना. झोपेत कूस बदलताना.
एकदा अकराव्या मजल्यावर, खिडकीबाहेर,
एसीचं आऊटडोअर स्टँडवर चढवताना.
दोरी धरून हारून आत उभा होता
म्हणून खाली कुणाची गाडी वाचली, आणि मीही.

तरी डॉक्टरकडे गेलो नाही.

भोईवाड्याच्या स्मशानाआधी एक वळण आहे.
तिथे तिरडीखाली खांदा निघाला.
बांबू हलला, बाबा जरासे कलले,
रात्रपाळीहून येऊन खुर्चीत कलायचे तसे.
विनूकाका पुढे सरकला, बांबू घेतला.
कुणी एक शब्द बोललं नाही.

दहाव्याला, बाणगंगेवर, कावळा शिवेना.
आईचं नाव घेऊन झालं, कर्जाचं झालं.
मग सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी पुटपुटलो, दाखवतो बाबा, डॉक्टरला दाखवतो.
आला. भूकही लागली असेल त्याला.

डॉ. सिधवांनी स्कॅन उजेडावर धरला.
"बशीचा काठ झिजला, बघ. रुपयातले चार आणे हाड गेलं.
नुसत्या टाक्यांनी नाय भागणार. हाडाला हाडच पायजे."
कुठून आणणार?
"तुझंच. शेजारून."
आणि हासळीखाली बोट टेकवत,
"याला जुने लोक कावळ्याची चोच म्हणायचे."
मला हसू फुटलं.
त्यांना वाटलं, घाबरला.

पाच बारीक भोकं. एकातून कॅमेरा, एकातून ड्रिल.
मी विचारलं, बिट कितीचं? गिट्टी लागते?
"दोन स्क्रू. गिट्टी नाय. हाड हाडाला आपणहून धरते.
घाई केलीस तर सोडते."
भिंतीत इतकी वर्षं भोकं पाडली,
भिंतीने स्वतःहून काही धरलेलं
मी अजून पाहिलं नाही.

आता हात झोळीत. सकाळी टेबलावर फडकं पुढे सरकवतो,
मागे आणतो. वीस वेळा.
खिडकीच्या गजावर एकजण येऊन मान वाकडी करतो.
त्याला पोळीचा तुकडा, डाव्या हाताने.

परवा विनूकाका आला. चहा बशीत ओतला,
फुंकर मारली, म्हणाला,
"मला देशील ना रे?"
मी म्हटलं, देतो.
पण तीन महिने थांब.