अर्धी मात्रा मागे

भाच्याने पुण्याहून पुस्तक आणलं,
बॅगेच्या तळाशी, फेण्या-पापडांच्या वजनाखाली दबलेलं.
मुखपृष्ठावर निनाद टिपणीस, केस रंगवलेले,
गिटार अशी धरलीय जशी ती कधी
महिना पाच रियालने भाड्याची नव्हतीच.

मी आधी स्वतःला शोधलं. कोण शोधत नाही?
पान एकशे बारा.
'लियाकत सारंग, आमचा ड्रमर. एसीचे डक्ट बसवायचा.
भला माणूस. नेहमी अर्धी मात्रा मागे.'

भला माणूस.
आपल्यात हे मेलेल्याबद्दल म्हणतात,
नाहीतर ज्याला उधारी परत मागता येत नाही त्याच्याबद्दल.

निनाद, वादी कबीरचं ते गोदाम आठव.
टायरवाल्याच्या मागचं. शुक्रवारी, जुम्म्यानंतर.
जूनमध्ये पत्रा असा तापायचा
की झांजेला बोट लावायची सोय नव्हती.
एकच एसी, भंगारातून मीच उभा केलेला.
त्याचा कॉम्प्रेसर लागला की दिवा पिवळा व्हायचा,
अॅम्प घसा बसल्यासारखा दबायचा
आणि तू घाबरून पुढे पळायचास.
मी मागे नव्हतो रे.
मी थांबायचो.

हे सगळं बायकोला ऐकवलं.
ती म्हणाली, जेवायलासुद्धा तुम्ही मागेच असता.

पुढे इनास फुर्ताद, बेसवाला.
गोव्याचा, म्हणून पुस्तकात दारुडा.
तीन प्रसंग, तिन्हींत तो पडतो.
खरं तर त्याला अल्सर होता, तो ताक प्यायचा
आणि पिशवीत उकडलेला बटाटा आणायचा.
पुस्तक मिटणारच होतो
तर खाली एक ओळ:
'तार लावताना इनास कान लाकडाला टेकवायचा,
आत कुणाला ताप आहे का बघितल्यासारखा.'

हे मी विसरलो होतो. अगदी साफ.
इनासला जाऊन अकरा वर्षं झाली,
आणि त्याचा तो कान, त्या कानामागची पेन्सिल,
रुवीच्या या खोलीत एकदम आली.
या ओळीसाठी निनाद, तुझी पन्नास पानं माफ.

मग पान एकशे त्रेसष्ट.
'मुराद बलुशी एके दिवशी यायचा बंद झाला.'
बस. पुढच्या ओळीत नवा कीबोर्डवाला.

मी पुन्हा वाचलं. पान उलटून मागे पाहिलं,
दोन पानं चिकटली असतील म्हणून बोट फिरवलं.

मत्रहला मुरादच्या बापाचं होडीच्या इंजिनांचं दुकान.
माझा अरबाब त्याचा चुलतभाऊ.
व्हिसा त्याच महिन्यात संपत होता.
बापाने मला बसवलं, खजूर पुढे केला,
कहवा ओतला, आवाज न चढवता विचारलं,
पोरगा शुक्रवारी जातो कुठे?
मी सांगितलं.
टायरवाल्याची खूण सांगितली. वेळही.
दुसरा कप प्यायलो.
तिसरा भरू लागला तेव्हा कप हलवला, पुरे म्हणून,
इथली रीत मला तेव्हा नीट जमायला लागली होती.

त्या दिवशी तूच मला सोडायला आला होतास, निनाद.
दुकानाच्या दारात गाडी, काच खाली.
तू ऐकलंस की रेडिओ चालू होता,
हे मी तेहतीस वर्षांत विचारलं नाही.
तीनशे पानांत शोधलं.
तुला माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाहीस
की माहीत होतं म्हणून?
पहिलं असेल तर मी सुटलो.
दुसरं असेल तर
तू माझ्यासाठी थांबलास, आणि ते मला सोसत नाही.

शेवटच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता आहे,
चुका आढळल्यास कळवाव्यात.
मी पोस्टकार्ड घेतलं. लिहिलं:
पान एकशे बारा. मी मागे नव्हतो, वीज कमी पडायची.
पान एकशे चाळीस. इनास दारू प्यायचा नाही.
खाली बरीच जागा उरली.
तिथे सलाम लिहिला, मोठ्या अक्षरात,
जागा भरावी म्हणून.