मागे घेतलेला

योएन्सूच्या कचेरीत डिसेंबरात
दुपारी तीनलाच दिवे लागतात.
राइली ह्युत्तिनेन एकेक पान उघडते
आणि त्यावर तिरकी, तांबडी अक्षरे बसवते:
मागे घेतला आहे.
पान एक. पान दोन. आलेखावर.
संदर्भसूचीवरसुद्धा,
जिथे दुसऱ्यांचीच नावे आहेत बिचाऱ्यांची.

चूक म्हटली तर एवढीशी.
दलदलीतल्या केंद्रावर सात नंबरचा तापमापक
कुणीतरी सौनाच्या मागच्या भिंतीला टांगला होता.
सात वर्षे, दर शनिवारी संध्याकाळी,
शेवाळाला ताप यायचा.
वेइक्को केत्तुनेन त्या चढावर चढला
आणि सिद्धांत घेऊन उतरला.

एका विद्यार्थिनीने विचारले, शनिवारीच का?
त्या रात्री तो जेवला नाही.
सकाळी मासिकाला पत्र: माझे चुकले.

मग समिती बसली.
वकिलाने 'चूक' खोडून 'विसंगती' केले,
विसंगतीची 'अनियमितता', मग पुन्हा विसंगती.
चारही लेखकांची संमती हवी, असा नियम.
तिघांची आली.
चौथा, सुलो वार्तियाइनेन,
दोन वर्षांपासून चर्चमागे, पाइनखाली.
खिळा बहुधा त्यानेच ठोकलेला.
हातोडी कायम त्याच्याच पिशवीत असायची.

अकरा महिने.
भांडणात माणूस म्हणतो, घेतला बाबा शब्द मागे,
आणि पाणी पिऊन मोकळा होतो.
हा शब्द तोवर लिमाला पोचला होता, बुसानला पोचला होता.
एकोणतीस जणांनी त्याला टेकून
आपापली भिंत उभी केली होती.
त्यांना कोण कळवणार?
राइलीने काहींना कळवले. दोघांची उत्तरे आली.
एकाने लिहिले, आता फार उशीर झाला.

पुसून का नाही टाकत, नवा मुलगा विचारतो.
पुसायचे नसते, ती म्हणते,
आणि पुढे काही सांगत नाही,
कारण पान नऊवर अक्षरे नीट बसत नाहीत.
लाल रंगाखालचे सगळे वाचता येते.
शेवटची आभाराची ओळही:
सुलोचे आभार, केंद्रावरच्या सर्व सोयींसाठी.

सूचनेत तिने लिहिले:
चौथ्या लेखकाशी संपर्क होऊ शकला नाही.
वकिलाने या वाक्याला हात लावला नाही.

शनिवारी वेइक्को केंद्रावर गेला.
तापमापक काढून खिशात घातला.
खिळा राहू दिला.
टॉवेल अडकवायला बरा पडतो.