गळती

पूर ओसरला त्याच्या तिसऱ्या दिवशी
कारेलीबागेत आमच्या दारी महापालिकेची बाई आली.
"पाण्यातून कोण कोण चाललं?"
आईनं वर्गातल्या पोरीसारखा हात वर केला.
दोन गोळ्या तिच्या तळहातावर. डॉक्सिसायक्लिन.
"भूख्या पेटे न लेता, मासी."
आईनं गोळी नाकाशी नेली, म्हणाली,
"हिला मी ओळखते."

मीही.
विद्यापीठात दुसऱ्या मजल्यावर
हीच पिवळी भुकटी मी रोज तोलते,
मिठाच्या कणाहून कमी,
आणि डिशमधल्या पेशींना पाजते.
त्यांना ताप नाही, उंदराचं पाणी लागलेलं नाही.
त्या नुसत्या परवानगीसाठी थांबलेल्या असतात.

मूळ गोष्ट जंतूंची.
त्यांच्या उंबऱ्यावर एक राखणदार बसलेला,
औषधाचा वास आला की तो उठून जायचा
आणि आत जीव वाचवायची धांदल उडायची.
कुणीतरी तो राखणदारच उचलून आणला,
त्याची चार अक्षरं बदलली,
तेव्हापासून तो उलटा वागतो:
औषध असेल तरच उंबऱ्यावर येऊन बसतो,
आणि तो बसला की पेशीत हिरवा उजेड पडतो,
जेलीफिशकडून उसना घेतलेला.
चार अक्षरं फक्त.
आमच्याकडे एवढ्याशानं कुणी बदललेलं
मला आठवत नाही.

पुरात जनरेटर बंद पडला, सगळं मेलं.
फ्रीझरच्या तळातून एक कुपी निघाली,
पुन्हा पहिल्यापासून.
काल नऊ नंबरची डिश पाहिली.
झाकणावर माझ्याच अक्षरात: औषध नाही.
वहीत शून्य मांडून ठेवलं होतं आधीच.
काळोख्या खोलीत डोळा लावला तर
तिथेही पाच-सहा पेशी,
कैरीच्या सालीइतक्या हिरव्या, लाजत.

"लीक आहे, मॅडम," चार्वी म्हणाली. "सीरमचा लॉट बदलू या."
सीरम गायीच्या वासराचं. कुठल्या तरी गोठ्यात
कुठल्या तरी गायीला फुफ्फुसाचं काही झालं असेल,
कुणी काळजीनं सुई टोचली असेल.
ती गायही आता नसेल.
बाटलीवर यातलं काहीच छापलेलं नाही.

चार्वी चहाला गेली.
मी अतिनील दिवा हातात घेतला,
कपाटाच्या काचेसमोर उभी राहिले
आणि तोंड उघडलं.

आई गोरव्याच्या कारखान्यात कॅप्सूल भरायची, अकरा वर्षं.
संध्याकाळी तिची नखं हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखी.
मला खोकला झाला की ती तिथलंच सरबत आणायची,
स्वस्तात, फुटक्या पेटीतलं,
चमचा चमचा, वर गुळाचा खडा.
माझे पुढचे दात तपकिरी आले.
शाळेच्या एकाही फोटोत मी हसलेली नाही.
लग्नाच्याही.

काचेत, मागच्या दाढा
पिवळ्या पेटल्या होत्या.
पन्नास वर्षं तोंडात अंधारात राहून
तशाच, शाबूत.
मी जीभ फिरवून पाहिली. गरम नव्हत्या.

बाहेर पावलं वाजली तशी दिवा विझवला.
चार्वीनं विचारलं, "नऊ नंबर टाकून देऊ?"
म्हटलं, राहू दे आजच्या दिवस.

घरी आई जेवून दुसरी गोळी घेत होती,
रिकामं पाकीट उजेडाकडे धरून वाचत,
कंपनी कुठली, बॅच कुठली,
भरणारीनं नीट भरली का.
"दात घासलेस का आज?" तिनं विचारलं,
"पिवळं काय दिसतंय?"
पन्नास वर्षांत पहिल्यांदा
मी तिच्यासमोर पूर्ण तोंड उघडून हसले.
तिनं चष्मा वर केला, पाहिलं,
आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.