अर्धं ब्लेड

तीन रात्री झाल्या, दांडा टेपर मारतोय.
चकापाशी वीस एमएम, अगदी मापात,
बाहेरच्या टोकाला चार शतांश जाड.
चार शतांश म्हणजे किती, कुमुद विचारते.
मी म्हणतो, तुझ्या केसाहून कमी.
"मग राहू द्या की. एवढ्यासाठी जागता?"

पण बेअरिंगला केस कळतो.
खालच्या गल्लीतली निकाळज्यांची चक्की
या दांड्यापायी सोमवारपासून बंद,
आणि अख्खी लेन पिशवीतलं पीठ मळते
आणि चपात्या चामट झाल्या की माझं नाव घेते.

हा लेथ मी भंगारातून आणला, कुर्ल्याहून.
भांडुपच्या या टेकडीवर टेम्पो चढत नाही,
आठ जणांनी बांबूला बांधून वर चढवला
गणपतीसारखा,
फक्त मोरया कोणी म्हटलं नाही,
शिव्याच घातल्या वळणावळणावर.
तेव्हापासून तो आमच्या खोलीत,
एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला गॅस,
आणि अंथरुणात कधीकधी लोखंडाचा कीस.

पहिला संशय टेलस्टॉकवर.
सेंटर सरकवला नखभर,
एक लांबी जमली, दुसरी बिघडली.
मग टेलस्टॉक मागे ढकलून दिला,
जाड दांडा नुसता चकात धरला,
दोन टोकांना दोन कॉलर राखून मधलं पोट खरवडलं,
आणि एकाच डायलवर, हात न लावता,
दोन्ही कॉलरवरून हलका कट.
तेच. बाहेरची कॉलर जाड.
टेलस्टॉक निर्दोष सुटला.

विक्रोळीच्या शॉपमध्ये तांडेल मास्तर म्हणायचे,
आधी हात धू, मग डोळे धू,
मग मशीनला शिव्या दे.
मी हात धुतले होते.

हेडस्टॉकच्या बोल्टला पाना लावला,
तो एकदा सैल केला की आठवडा गेला समजायचा,
इतक्यात ओट्यावरून लिंबू पडलं
आणि घरंगळत लेथखालून दाराकडे निघालं.
"गेलं," कुमुद म्हणाली, मागे वळूनही न बघता.
"दोन वर्षं सांगतेय. सगळं दाराकडेच जातं,
लिंबू, कांदा, टोपावरचं झाकण."

मी पाना खाली ठेवला.
लिंबू थांबलं होतं उजव्या पायाला टेकून,
पुढच्या बाजूच्या.
लेथच्या, माझ्या नाही.

बेडवर लेव्हल आडवी ठेवली.
चकाकडे बुडबुडा मधोमध,
टेलस्टॉककडे गेलो तर भिंतीकडे पळालेला.
म्हणजे बेड पिळला होता.
टॉवेल पिळतात तसा नाही,
तेवढा पिळला असता तर दिसला असता.
खाली दळव्यांनी न्हाणीसाठी टेकडी कोरली दोन फूट,
त्याचा हिशेब इथे वर
निकाळज्यांच्या शाफ्टवर निघत होता,
आणि मी रात्र रात्र लोखंडाला विचारत होतो.

शिम नव्हती घरात.
रिटायर झाल्यापासून मी दाढी करत नाही,
पण आरशामागे ब्लेडचं जुनं पाकीट होतं, दोन उरलेली.
एक उभं मोडलं मधोमध,
पहारीने लेथचा पाय उचलला, कुमुदने आत सरकवलं,
"बोट सांभाळ" मी म्हणेपर्यंत तिचं काढूनही झालं.
बोल्ट आवळला, आणि बुडबुडा
पाहुणा आत येतो तसा, थोडा थबकत,
आला मधे.

शेवटचा कट घेतला साडेअकराला.
चकापाशी वीस.
बाहेर वीस आणि अर्धा शतांश.
तो अर्धा मी टेकडीला सोडला.

शुक्रवारी चक्की सुरू झाली, मी कान देऊन ऐकली,
घरघर सरळ होती.
निकाळजेने पाच किलो दळण फुकट दिलं
आणि पुढच्या कामाचे पैसे आधीच कापले त्यातून.

भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय,
तारीख, आणि पुढे: अर्धं ब्लेड.
पाकिटात दीड शिल्लक.
आज कुमुदने मुद्दाम लिंबू सोडलं फरशीवर,
आम्ही दोघं बघत उभे.

गेलं.