दहावं नाव

महापालिकेचा कागद कन्नडमध्ये,
मी मालकांना मराठीतून वाचून दाखवते:
दहा स्थानिक माणसं कामाला लावा,
घरपट्टीत तीन वर्षं सूट.

उद्यमबागेतली आमची फौंड्री.
नऊ नावं तर हां हां म्हणता झाली.
भट्टीवरचा इराप्पा, ग्राइंडरवरचा मकतूम,
अनगोळची तिघं पोरं,
आणि कोअर करणाऱ्या मजगावच्या चौघी,
वाळूनं झिजलेले त्यांचे अंगठे
रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत.

दहावा सातेरी.
बावीस वर्षं सायकलवरून येतो,
शिनोळीहून, हद्द ओलांडून.
खाडा एकच, बाप वारला तेव्हाचा.

खिडकीतला कारकून म्हणाला,
अथणीचा चालेल, शिनोळीचा नाही.
अथणी बसनं अर्धा दिवस.
शिनोळीला पोचला तरी सातेरीची मान
भट्टीच्या धगीनं तापलेलीच असते,
हे कुठल्या रकान्यात लिहू?

मालक म्हणाले, बघ, कुणाचं तरी नाव घाल.
वाळू ओढता ओढता सातेरीनं ऐकलं.
"माझ्या फावड्याचं घाला की बाई,
ते रातचं हितंच निजतंय."